बॅरोतली एकविसावी संकष्टी

न्यू जर्सीतल्या पार्सिपनीच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर ना देवाची तसबीर होती, ना घड्याळ, ना आजी-आजोबांचा फोटो. तिथे उत्तर ध्रुव होता. बाबांनी एका लायब्ररीने काढून टाकलेल्या सामानातून तो नकाशा उचलून आणला होता आणि फ्रेम करून घेतला होता. मधोमध ध्रुव, त्याच्याभोवती गोठलेला समुद्र, आणि समुद्राच्या कडेने रशिया, अलास्का, कॅनडा, ग्रीनलंड असे सगळे डोकी आत घालून बसलेले. शाळेतल्या नकाशाची सवय असलेल्या माणसाला पहिल्यांदा काही म्हणजे काही ओळखू यायचं नाही. घरी कोणी नवीन जेवायला आलं की पहिल्या पोळीच्या आसपास प्रश्न यायचाच, ‘‘हा कुठला देश म्हणायचा?’’ बाबा त्या प्रश्नाची वाटच बघत असायचे. ते हातातला घास ठेवून उठायचे आणि आई म्हणायची, ‘‘अहो, आधी जेवू द्या त्यांना, मग न्या कुठे न्यायचं ते.’’ त्या नकाशात आम्ही नव्हतो. न्यू जर्सी त्याच्या कडेच्याही बाहेर, फ्रेमच्या लाकडाखाली कुठेतरी गेली होती. बाबांना त्याचं फार कौतुक होतं. लोक या प्रदेशाला दूरचा म्हणतात, पण दूर म्हणजे कोणापासून, असं ते विचारायचे. तिथल्या माणसाने काढलेल्या नकाशात आपणच फ्रेमखाली जातो, मुक्ते, हे लक्षात ठेव. मुक्ता म्हणजे मी. मी तेव्हा शाळेत होते, घरात बहुतेक इंग्रजीत उत्तरं द्यायचे, आणि मला ते लक्षात ठेवण्यात काडीचा रस नव्हता. तरी राहिलंच की लक्षात.

बाबा दिवसभर एका विमा कंपनीच्या कॉम्प्युटरांची देखभाल करायचे आणि संध्याकाळी आर्क्टिकला जायचे. म्हणजे, खुर्चीतच. ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचे लोक लाकडाच्या ओंडक्यातून किनाऱ्याचा नकाशा कोरायचे, प्रत्येक खाडीला खाच आणि प्रत्येक टोकाला उंचवटा, ही गोष्ट मी त्यांच्याकडून किती वेळा ऐकली असेल त्याला गणती नाही. ‘‘अंधारात, हातमोज्यात हात असताना, बोटांनी वाचायचा नकाशा! पाण्यात पडला तर तरंगणार! आणि आपण? कागद भिजला की संपलो!’’ हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की जणू तो ओंडका त्यांच्या चुलत्यानेच कोरला होता. मला आज वाटतं, ज्या गोष्टीचा आपल्या पोटापाण्याशी काही संबंध नाही तिच्यावर इतकं निर्मळ प्रेम करणारी माणसं फार थोडी असतात. मी अशा एका माणसाच्या घरात वाढले, हे माझं भाग्य.

आईचं भूगोलाशी वैर नव्हतं, पण तिचा सगळा जीव घराच्या आत होता. त्या घराचे आवाज अजून माझ्या कानात आहेत. भिंतीच्या तळाशी असलेल्या हीटरची टिकटिक, कुकरची शिट्टी, आणि फोडणी पडली की ठणाणा करणारा स्मोक अलार्म. अलार्म वाजला की बाबा हातात सापडेल तो नकाशा घेऊन त्याच्याखाली वारा घालायला धावायचे. अलास्काचा एक घडीचा नकाशा या कामात इतका झिजला होता की त्याच्या एका घडीवर हिंगाचा वास येत असे. ‘‘बघा, तुमची अलास्का एकदाची उपयोगाला आली,’’ आई म्हणायची. ती पुण्याची, बाबा नागपूरचे, त्यामुळे घरात वरण एका चवीचं आणि ठेचा दुसऱ्या चवीचा, आणि दोघांचंही दुसऱ्याच्या पानाकडे लक्ष.

संकष्टीचा दिवस मात्र वेगळा असायचा. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी एखादं केळं, आणि संध्याकाळपासून चंद्राची वाट. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये चंद्रोदयाच्या वेळा मुंबई-पुण्याच्या, त्यांचा आम्हाला उपयोग शून्य. आई स्वतः खाली पार्किंग लॉटमध्ये जाऊन समोरच्या बँकेच्या छपराकडे बघत उभी राहायची. आकाश ढगाळ असलं तर फोन लागायचा तो कॅरीला, वैशालीमावशीला. वैशालीमावशी आईची कॉलेजातली मैत्रीण, नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी गावात राहणारी. ‘‘तुझ्याकडे निघाला का गं?’’ ‘‘निघाला, निघाला. लालभडक आहे बघ.’’ मग आई ताम्हणात पाणी सोडायची, आरती व्हायची, आणि उकडीचे मोदक पानात पडायचे. वैशालीकडे वर आला म्हणजे आपल्याकडेही वर आलाच, फक्त ढगाआड आहे, असा तिचा हिशेब. तो बरोबरही होता. एकदा कॅलिफोर्नियातल्या, आमच्या तीन तास मागे असलेल्या सांता क्लाराच्या एका काकूंनी उत्साहाने आमच्याकडे फोन केला की अजून आमच्याकडे दिसत नाही हो, तुम्ही जेवू नका; तेव्हा आई पानावरून उठून हसली होती.

मग बाबांना हार्ट अटॅक आला. ऑफिसच्या जिन्यात. बायपास झाली, आणि ती चालू असताना आई हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये खिडकीशी उभी राहून गणपतीला बोलली, की यांना घरी येऊ देत, मी एकवीस संकष्ट्या करीन, चंद्र उगवल्याशिवाय अन्नाला शिवणार नाही. ती संकष्ट्या आधीही करायची, पण तो नेम होता, हा नवस होता. नवसातला फरक तिच्या वागण्यात दिसायचा. पूर्वी उशीर झाला तर ती चहा-बिस्किटावर भागवायची. आता चंद्र वर येईपर्यंत ती पाण्याचा पेला घेऊन बसायची आणि बाबांना मात्र सातच्या ठोक्याला वाढायची, कारण त्यांच्या गोळ्या जेवणानंतरच्या होत्या. बाबा या सगळ्यावर काही बोलत नसत. ते देव मानायचे की नाही हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण संकष्टीच्या दिवशी ते आईसाठी खाली पार्किंग लॉटमध्ये घडीची खुर्ची नेऊन ठेवायचे.

बरे झाल्यावर बाबांनी एकच गोष्ट मागितली. भिंतीवरचा तो नकाशा एकदा पायाखाली घ्यायचा. ध्रुवापर्यंत जाणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं, पण अलास्काच्या अगदी वरच्या टोकाला, समुद्राच्या काठावर, बॅरो नावाचं गाव होतं. (त्या गावाने आता आपलं जुनं नाव परत घेतलं आहे, उत्कियाग्विक. बाबांना ते ऐकून आनंद झाला असता आणि त्यांनी ते आम्हा सगळ्यांकडून शंभर वेळा म्हणवून घेतलं असतं.) जूनमध्ये जायचं, म्हणजे सूर्य मावळतच नाही असे दिवस बघायला मिळतील. आईने कॅलेंडर काढलं, बोट फिरवलं आणि म्हणाली, ‘‘अहो, मधेच संकष्टी येतेय. शेवटची. एकविसावी.’’

‘‘मग तारखा बदलू?’’

आईने क्षणभर विचार केला. ‘‘नको. चंद्र काय, सगळीकडेच असतो.’’

‘‘अर्थात,’’ बाबा म्हणाले. आमच्या घरातल्या सगळ्यात मोठ्या नकाशेवाल्या माणसाने हे म्हटलं, भिंतीवरच्या ध्रुवाकडे पाठ करून.

अँकोरेजहून निघालेल्या विमानाचा पुढचा अर्धा भाग सामानासाठी होता आणि आम्ही मागच्या अर्ध्यात. आमच्यापुढे, पडद्यापलीकडे, गावाचं दूध, टायर आणि कोणाचा तरी सोफा चालला होता. बाबा खिडकीला नाक लावून बसले होते. डोंगर संपले, मग झाडं संपली, मग सपाट तपकिरी जमीन सुरू झाली आणि तिच्यात हजारो तळी, काही अजून गोठलेली, काही सुटलेली. बाबा एकेक नदी ओळखत होते. मी त्यांना इतकं आनंदी कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ऑपरेशननंतर ते इतके जिवंतही मला कधी वाटले नव्हते. आई त्यांच्याकडे बघत होती, खिडकीकडे नाही.

बॅरोत डांबरी रस्ता नव्हता, खडीचे आणि चिखलाचे रस्ते होते. घरं खांबांवर उभी, कारण खालची जमीन बर्फाची आणि तिला घराची ऊब लागली तर ती खचते. रस्ता संपला की समुद्र, आणि समुद्र म्हणजे पांढऱ्या-करड्या बर्फाचे ढीग, नजर पोचेल तिथवर. त्यातून मधूनच कुरकुर आवाज यायचा. वारा तोंडावर आला की डोळ्यांतून पाणी, आणि दिवसभर, सगळा वेळ, ऊन. आम्ही मार्था नावाच्या बाईंच्या घरी दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. मार्था साठीच्या, इन्युपियाक म्हणजे तिथल्या मूळच्या लोकांपैकी, शाळेतून निवृत्त झालेल्या, मोठ्याने हसणाऱ्या. झोपायच्या खोलीच्या खिडक्यांना त्यांनी ॲल्युमिनियमची फॉइल चिकटवली होती. आईने ती बघितली आणि म्हणाली, ‘‘चला, पोळ्या गुंडाळायला तरी आहे.’’ त्या दोघींचं लगेच जमलं. आई मराठीत बोलायची, मार्था इंग्रजीत, मी मधे, आणि मी नसले तरी त्यांचं अडायचं नाही.

आमचं नशीब असं की संकष्टीच्याच दिवशी गावात मोठा सण होता. वसंतात ज्यांच्या नावेला व्हेल मिळाला, ती कुटुंबं जूनमध्ये सगळ्या गावाला जेवू घालतात. किनाऱ्याजवळ मोकळ्या जागी ताडपत्र्यांचा आडोसा उभारलेला, आणि त्यात सगळं गाव आपापल्या घडीच्या खुर्च्या, डबे आणि पिशव्या घेऊन बसलेलं. आधी प्रार्थना झाली. मग नावेच्या मालकाच्या घरचे लोक, म्हातारे, तरुण, पोरं, पातेली घेऊन ओळीने वाढत निघाले. हंसाचं सूप, पाव, मग व्हेल. म्हाताऱ्यांना आधी. परक्यालाही तितकंच. आणि प्रत्येकाला घरी न्यायचा वाटा पिशवीत घालून दिलेला. आई टाचा उंचावून बघत होती. ‘‘अगं मुक्ते, अगदी आपल्या पंगतीसारखं आहे गं. वाढणारे अजून जेवलेले नाहीत बघ.’’ एका शिकारीचं एवढं मोठं जनावर, आणि ज्यांनी जीव धोक्यात घालून ते आणलं त्यांच्या हातात शेवटी काय उरत होतं, तर वाढण्याचा मान. बाबा भारावून बघत होते. पुढे सीलच्या कातड्यांची मोठी चादर धरून लोकांनी एकेकाला आकाशात उडवलं, आणि एक आजोबा घरापेक्षा उंच जाऊन सरळ पायांवर परत आले, तेव्हा आईने चक्क शिट्टी वाजवली. आई शिट्टी वाजवू शकते हे मला त्या दिवशी कळलं.

मार्थाच्या भाचीने आमच्यासमोर पातेलं आणलं. आईने हात जोडले. मी सांगितलं, ‘‘शी इज फास्टिंग. शी ईट्स ओन्ली आफ्टर द मून कम्स अप.’’ आणि शाकाहाराचंही सांगितलं. मला वाटलं, आता हसतील. मार्था हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, चहा चालतो का? फळ चालतं का? आणि एका पोराला हाक मारून आईच्या पदरात, म्हणजे जॅकेटच्या खिशांत, दोन संत्री घालायला लावली. त्या गावात एक संत्रं किती लांबून येतं हे बाबांनी मला नंतर नकाशावर दाखवलं.

संध्याकाळी आम्ही घरी आलो. आईने पिशवीतून सुपारीचा गणपती काढला, ताम्हण काढलं, मार्थाच्या स्वयंपाकघरात वरण-भात टाकला. मोदकांची पिठी तिने पार्सिपनीहून आणली होती. सगळं मांडून झाल्यावर ती बाबांना म्हणाली, ‘‘अहो, आज किती वाजता निघेल हो तो? इथे अंधारच नाही, कळायचं कसं?’’

बाबा म्हणाले, ‘‘बघतो.’’ त्यांनी आईच्या खिशातलं एक संत्रं घेतलं, त्याला पेन्सिलीने एक ठिपका काढला, ते तिरकं धरून खिडकीच्या उन्हात फिरवलं. पुन्हा फिरवलं. मी त्यांचा चेहरा बघत होते. विमानात जो चेहरा होता तो हळूहळू कुठेतरी निघून गेला.

‘‘शैला,’’ ते म्हणाले, ‘‘तो निघणार नाही.’’

‘‘म्हणजे? उशिरा?’’

‘‘उशिरा नाही. आज निघणारच नाही. उद्याचंही सांगता येत नाही. हे बघ. पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. उन्हाळ्यात इथे सूर्य सगळा दिवस वर, म्हणून चंद्र सगळा दिवस खाली. जमिनीच्या खालून फिरतोय तो. सूर्य मावळत नाही एवढंच माझ्या डोक्यात होतं गं. चंद्राचा मी विचारच केला नाही.’’

आई त्या संत्र्याकडे बघत राहिली. मी म्हणाले, ‘‘आई, इट्स ओके. कॅरीला फोन कर ना. लाइक ऑलवेज.’’

फोन लावला. वैशालीमावशी तिकडे रात्रीची अंगणात उभीच होती. ‘‘निघाला गं शैला, आत्ताच निघाला. झाडाच्या वर आलाय. जेव तू.’’ आई म्हणाली, ‘‘तुझ्याकडे निघाला गं. माझ्याकडे तो नाहीच आहे. ढगामागे नाही, कशामागे नाही. नाहीच आहे.’’ आणि तिने फोन माझ्या हातात दिला. मी वैशालीमावशीला काय सांगितलं ते आठवत नाही. बाहेर लहान काळ्या-पांढऱ्या चिमण्या ओरडत होत्या आणि सूर्य समुद्राच्या बाजूला सरकत होता, दुपारच्यासारखा.

‘‘तुम्ही जेवून घ्या,’’ आई बाबांना म्हणाली. ‘‘सात वाजून गेले. गोळी घ्यायचीय.’’

‘‘आज मी तुझ्याबरोबर जेवणार.’’

‘‘माझं काही खरं नाही. मी थांबते. उद्या परवा न्यू जर्सीत गेल्यावर दिसेल तेव्हा बघू.’’

‘‘मग मीही तेव्हाच जेवीन.’’

हट्टाला पेटलेले बाबा मी त्याआधी पाहिले नव्हते. आठ वाजले. वरणावर साय धरली. आई एकदा समजावून, एकदा रागावून, एकदा नुसतंच त्यांच्या समोर ताट ठेवून बघत होती. ते ताट मागे सारत होते. शेवटी ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला होता, ‘‘अहो, हे सगळं कशासाठी चाललंय? तुमच्यासाठी ना? आणि तुम्ही उपाशीपोटी गोळ्या चुकवणार?’’

‘‘तू माझ्यासाठी वीस वेळा पार्किंग लॉटमध्ये उभी राहिलीस,’’ बाबा म्हणाले. ‘‘आणि मी तुला अशा ठिकाणी आणलं जिथे चंद्रच नाही. मी कसा जेवू, शैला?’’

मी सोळा वर्षांचीही नव्हते. माझ्या आईवडिलांचं एकमेकांवर प्रेम आहे हे मला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि टेबलाच्या दोन बाजूंना दोघांनाही रडताना बघणं वेगळं. माझ्या मनात त्या क्षणी दोघांविषयी जे दाटून आलं त्याला मी आदरच म्हणेन. आई उठली. तिने ताम्हणात पाणी सोडलं, कुठल्याच दिशेला न बघता, डोळे मिटून. मग तिने दोन ताटं वाढली, एक त्यांचं, एक स्वतःचं, आणि पहिला घास स्वतः घेतला, कारण ती घेतल्याशिवाय ते घेणार नव्हते. नवस मोडला तो असा. बाबांनी गोळी घेतली ती बघून झाल्यावर आई म्हणाली, ‘‘एकविसावी राहिली.’’ एवढंच. पुढे त्यावर तिने एक शब्दही काढला नाही, पण घरी आल्यावर उद्यापनही केलं नाही. ती महिन्यामागून महिना संकष्ट्या करतच राहिली. बावीस, तेवीस असं तिने कधी मोजलं नाही. वीस झाल्या, एक राहिली, असंच ती धरून चालली होती. पार्सिपनीत चंद्र कितीदा तरी निघाला. पण जी राहिली ती तिथे राहिली, असं तिच्या मनाने घेतलं होतं. बाबांच्या छातीत जरा कळ आली की तिचा हात आपोआप फोनकडे जायचा, आणि तिच्या मनात ती राहिलेली एकविसावीच आहे हे घरात सगळ्यांना कळायचं.

बाबा जेवताना नकाशाकडे बघायचे, पण आता त्यावर बोलायचे नाहीत. पाहुणे विचारायचे, हा कुठला देश, आणि ते म्हणायचे, असाच एक आहे. हे मला सगळ्यात जास्त लागलं. मग पुढच्या वर्षी, पानगळ सुरू झाल्यावर, एक दिवस ते जेवता जेवता थांबले. घास तसाच हातात. ‘‘उलटं होणार,’’ ते म्हणाले.

‘‘काय उलटं?’’ आईने विचारलं.

‘‘हिवाळ्यात. सूर्य सगळा दिवस खाली, म्हणजे चंद्र सगळा दिवस वर! शैला, नोव्हेंबरअखेरीला बॅरोत चंद्र मावळतच नाही!’’ ते उठून भिंतीपाशी गेले होते आणि खरकट्या बोटाने ध्रुवाभोवती गोल काढत होते. काचेवर आमटीचा गोल उमटला. आई फडकं घेऊन उठली, पण तिने तो लगेच पुसला नाही.

त्या महिन्याची संकष्टी साधून, थँक्सगिव्हिंगची सुट्टी जोडून आम्ही गेलो. आमच्या ओळखीचे सगळे फ्लोरिडाला जात होते आणि आम्ही बॅरोला. डॉक्टरांनी बाबांना थंडीत जपायला सांगितलं होतं, म्हणून आईने त्यांना इतकं गुंडाळलं होतं की विमानातल्या बाईंनी त्यांना बसायला मदत केली. गाव ओळखू येत नव्हतं. सूर्य काही दिवसांपूर्वी गेला होता, आता दोन महिने येणार नव्हता. दुपारी दक्षिणेला नुसता निळा उजेड यायचा आणि परत जायचा. आणि वर, घरांच्या, बर्फाच्या, सगळ्याच्या वर, चंद्र. सकाळी उठलो तेव्हा होता. चहा घेतला तेव्हा होता. मार्थाने आईला आपला जाड पार्का, म्हणजे टोपीचा कोट, दिला, त्याच्या टोपीला लांडग्याच्या केसांची झालर. आईने त्या झालरीला एक बोट लावून बघितलं. ‘‘उपासाच्या दिवशी लांडगा पांघरू का आता मी?’’ असं म्हणून तिने तो पांघरलाही, कारण दाराबाहेर नाकातला श्वास गोठत होता.

मग खरी पंचाईत समोर आली. आई म्हणाली, ‘‘अहो, पण हा उगवणार कधी? मावळलाच नाही तर उगवेल कसा? मी सकाळीच जेवायचं का?’’ मी हसत सुटले. मार्थाला सांगितलं, त्याही हसल्या. बाबा मात्र हसले नाहीत. त्यांच्याजवळ याचं उत्तर तयार होतं. ते म्हणाले, ‘‘तो फिरत फिरत उत्तरेला येतो तेव्हा सगळ्यात खाली असतो. तिथून वर चढायला लागतो. त्या क्षणाला उगवला म्हणू. चालेल?’’ आईने विचार केला. नवस तिचा होता, आणि त्यातली बारीकसारीक कलमं तीच ठरवणार होती. ‘‘चालेल,’’ ती म्हणाली.

तो नकाशा आता माझ्या जेवणघरात आहे. बाबा त्यानंतर पुष्कळ वर्षं होते, आजोबाही झाले, आणि माझ्या मुलीला त्यांनी लाकडाच्या नकाशाची गोष्ट सांगितली, तीच, तशीच. बॅरोहून आणलेली कुठलीच वस्तू आमच्याकडे नाही. पण मला आर्क्टिक म्हटलं की बर्फ आठवत नाही, अस्वल आठवत नाही. मला आठवते ती त्या दुपारची, घड्याळात दुपार आणि आकाशात रात्र अशी वेळ, समुद्राच्या काठावर उभी असलेली माझी आई.

समुद्र आता पुरता गोठला होता. चंद्र उत्तरेकडे उतरत होता, मोठा, पिवळट, एका बाजूने चिरल्यासारखा. खाली खाली येत होता. आम्ही चौघं उभे होतो, मार्थाही आल्या होत्या. आईच्या हातात ताम्हण आणि थर्मास. बाबा हात लांब करून बोटं आडवी धरून मोजत होते. पाच बोटं. चार बोटं. मला भीती वाटली की बाबांचं पुन्हा चुकलंय, आता हा बुडतो. बाबांनाही वाटली असावी, कारण त्यांनी आईचा हात धरला. बर्फाच्या रेषेच्या जरा वर चंद्र आला, आणि बुडला नाही. तो उजवीकडे सरकला. बराच वेळ नुसता सरकत राहिला, आणि मग, आम्ही बघत असताना, बाबांच्या चार बोटांच्या वर एक पिवळी कड आली.

‘‘चढतोय,’’ बाबा म्हणाले. ‘‘शैला, उगवला.’’

आईने थर्मासमधलं कोमट पाणी ताम्हणात सोडलं आणि चंद्राकडे बघून तीन वेळा अर्घ्य दिलं. पाण्यातून वाफ आली आणि खाली पडेपर्यंत ते पांढरं झालं. तिने हात जोडले, ते जाड हातमोजे तसेच ठेवून. ओठ हलत होते, पण शब्द ऐकू आले नाहीत. मार्थाने डोक्यावरची टोपी मागे केली आणि त्या मान खाली घालून उभ्या राहिल्या. आईने डोळे उघडले, त्या एवढ्या मोठ्या पांढऱ्या प्रदेशाकडे आणि त्याच्यावरच्या चंद्राकडे एकदा नीट बघून घेतलं, मग बाबांकडे वळली. ‘‘झाली एकविसावी,’’ ती म्हणाली. ‘‘चला आता घरी. तुमच्या गोळीची वेळ झाली.’’